ठिपक्यांची रेघ

१

भोंगा वाजलाच नव्हता.

इरायो डोंगराच्या उतारावरची राख पावसात कालवली गेली की ओल्या सिमेंटासारखा दाट लोंढा होतो, आणि दगड, झाडं, ट्रक, समोर येईल ते पोटात घेत तो नदीच्या पात्रातून खाली उतरतो. त्याला लाहार म्हणतात. तिबागान नदीच्या काठावर लहान पोरालासुद्धा हा शब्द पहिल्या पाचपन्नास शब्दांत येतो. काल दुपारी लाहार आला तेव्हा खालच्या वाळूच्या खाणीवर माणसं काम करत होती. इशारा केंद्राचा भोंगा गप्प होता. नदीचा गडगडाट कानांवर आला म्हणून माणसं पळाली आणि वाचली. एक ट्रक मात्र गेला, आणि ट्रकाबरोबर एक माणूस.

सकाळी मारिफे केंद्रावर आली तेव्हा फाटकाशी खाणीवरच्या बायका उभ्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या, आणि मारिफेला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

केंद्राचे प्रमुख इंजिनिअर सामसन तिची वाटच बघत होते.

"कारण सापडलं. सर्व्हरवरचं एक पॅकेज कुणीतरी बदललंय. जुनं काढून नवं घातलंय. ते यंत्राचं बोलणं वाचणारं."

नदीवर लोखंडी चौकटीला टांगलेलं मापकयंत्र जे काही किरकिरत पाठवायचं, त्याचे आकडे करणारं ते पॅकेज. एक दुभाषाच म्हणा ना. भोंग्याचा प्रोग्रॅम, गावकऱ्यांच्या फोनवर संदेश धाडणारा प्रोग्रॅम, भिंतीवरचा मोठा नकाशा आणि डॉक्टर एस्कान्दोरांचा पातळी मोजणारा प्रोग्रॅम, असे चौघे त्या एका दुभाष्याच्या तोंडाकडे बघून चालायचे.

"तूच ना वर्षभर मागे लागली होतीस, हे जुनं झालंय, बदला म्हणून?" सामसननी विचारलं.

"लागले होते सर. पण मी म्हणत होते, चारही प्रोग्रॅम आधी तपासू आणि मगच..."

"म्हणजे लागली होतीस."

सर्व्हर सांभाळणारी तीच. बोट तिच्याकडेच वळणार हे उघड होतं. पण खरी भीती निराळीच होती, आणि ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. पॅकेजं आपोआप नवी होत राहावीत अशी एक सोय असते. ती आपण चुकून चालू तर ठेवली नाही ना? बस धरण्याच्या घाईत कधीतरी? तिला काही केल्या आठवेना.

खिडकीबाहेर इरायोच्या माथ्यावर ढग जमायला लागले होते.

"दुपारी पुन्हा पाऊस आहे," सामसन म्हणाले. "जुनं पॅकेज आत्ताच्या आत्ता परत बसव. मग तुझ्या चौकशीचं बघू."

मारिफेनं खुर्ची ओढली, कळफलकावर हात ठेवले.

"हात काढ तिथून!" दारातून आवाज आला. "जुनं परत घातलंस तर आज पुन्हा माणूस जाईल!"

२

दारात एक ठेंगणी, गुटगुटीत बाई उभी होती. मानेवर घामाचा टॉवेल, हातात पिली बदामांची पुडी. रोसारियो नुयदा, प्रांताच्या कचेरीनं चौकशीला धाडलेली. सगळ्या बिकोल मुलखात तिला मानाय चायोंग म्हणत. मानाय म्हणजे थोरली बहीण, आणि या थोरल्या बहिणीला खोटं सांगून कुणी सुटल्याचं ऐकिवात नव्हतं.

"असं कसं म्हणता तुम्ही?" सामसन चिडले.

"अंदाजानं म्हणते. पण मला सांगा, जुनं पॅकेज इतकं गुणाचं होतं तर चोरून बदलायची गरज कुणाला पडली? कुणालातरी त्यात काहीतरी खुपत होतं. काय खुपत होतं ते कळेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. आणि इंजिनिअर, खाणीवर माणसं पाठवा. पात्र रिकामं करा. भोंगा नसेल तर ताशे वाजवा."

सामसन गेले. मानायनं मारिफेला शेजारी बसवलं, तिच्या तळहातावर चार पिली ठेवले.

"खा. तोंड बघ कसं झालंय. सकाळपासून कशाला भितेस?"

मारिफेला रडूच फुटलं. तिनं आपोआपच्या सोयीचं सगळं सांगून टाकलं.

"अगं वेडे," मानाय म्हणाली, "त्या सर्व्हरवर पॅकेजं किती?"

"शेकड्यानं आहेत."

"आणि बदललं किती?"

"एकच."

"मग? आपोआप झालं असतं तर घरातल्या सगळ्या पोरांना नवे कपडे मिळाले असते. इथे एकाच पोराला निवडून घातलेत. हे माणसाचं काम आहे, आणि माणसानं ते ठरवून केलंय."

मारिफेच्या छातीवरचं ओझं उतरलं खरं, पण क्षणभरच. "ते केंद्राच्या सामाईक खात्यातून झालंय," ती म्हणाली. "त्याचा पासवर्ड चौघांकडे आहे. सामसन सर, डॉक्टर एस्कान्दोर, दादो... आणि मी."

"हं." मानायनं एक पिली तोंडात टाकला. "चौघांत तूसुद्धा आहेसच की."

आणि ती हसली नाही.

३

दादो भोंगा सांभाळायचा. एरवी त्याच्या जिभेला हाड नसे. आज तो पानसितची थाळी समोर घेऊन बसला होता आणि शेवई काट्याला गुंडाळून पुन्हा सोडत होता.

"मानाय, मी दिव्याचं बटणसुद्धा दोघांना विचारून दाबतो," तो म्हणाला. "विचारा हिला. फे, सांग की गं!"

"खरंय," मारिफे म्हणाली. "तीन वेळा नवा संगणक दिला, तीनही वेळा यानं परत केला."

"जुनी बायको आणि जुना संगणक, दोघींच्या खोड्या माहीत असतात." विनोद अर्ध्यावरच विझला. "काल मी त्या पडद्यासमोर होतो, मानाय. पातळी चढताना दिसली. म्हटलं, आता वाजेल. मग आकडा जागीच थांबला. मला वाटलं, पाणी थांबलं. प्रोग्रॅमच गोठलाय हे मला कळलंच नाही."

"हातानं वाजवता येत नाही?"

"येतो." दादोनं थाळी दूर सारली. "म्हणून तर काल रात्री डोळ्याला डोळा नाही."

सामसन परतले तेव्हा त्यांच्या बुटांना राखेचा चिखल लागला होता. मानायनं त्यांना आडवळणानं काही विचारलंच नाही.

"पुढच्या आठवड्यात गव्हर्नर येणार. भिंतीवरचा नकाशा नवा, रंगीत. त्याला नवं पॅकेज हवं होतं का?"

सामसनचा चेहरा पडला. "ठेकेदार म्हणाला होता, नव्यावर रंग छान येतात. मी म्हटलं, मारिफेला विचारतो. विचारायचं राहून गेलं."

"राहून गेलं, की विचारल्याशिवाय केलं?"

"नकाशासाठी मी माणसं मारीन?"

"माणसं मारायला कुणीच निघालेलं नसतं, इंजिनिअर. नकाशा दाखवा."

भिंतीवरचा मोठा पडदा काळा होता. काल लाहार आला तेव्हाच तोही गोठला होता, आणि धावपळीत कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. सामसन पडद्याकडे बघत राहिले.

"फोनचे संदेशही गेले नाहीत," मारिफे हळूच म्हणाली. "म्हणजे चारातले तीन बंद पडले."

"आणि चौथा?" मानायनं विचारलं.

मागून एक संथ, भरदार आवाज आला. "चौथा माझा. तो काल एक क्षणही थांबला नाही."

४

डॉक्टर हिलारियो एस्कान्दोर म्हणजे केंद्राची पुण्याई. केस पांढरे, सदऱ्याची इस्त्री कधी न मोडणारी. इरायोवर त्यांनी हयात घालवली होती. मारिफेला पहिल्या दिवशी डोंगराचा एकेक ओढा नावानिशी त्यांनीच शिकवला होता. त्यांनी कालचा आलेख आणून टेबलावर पसरला.

"हा बघा कालचा लाहार. इथे चढायला लागला, हा माथा, इथे ओसरला. सगळं पकडलंय."

रेघ डावीकडून डोंगरासारखी चढत गेली होती. माथ्याजवळ ती अखंड नव्हती, ठिपक्याठिपक्यांची होती. पुढे पुन्हा अखंड.

"हे ठिपके कसले, डॉक?" मारिफेनं विचारलं.

"चिखल उडून यंत्राचा डोळा झाकला गेला तेवढा वेळ. तिथे अंदाज आहे." त्यांनी कागद उचलला. "बाकीच्यांचे प्रोग्रॅम पडले, वाईट झालं. पण मोजमाप पडलं नाही."

मानाय चायोंगनं मान हलवली. "छान काम आहे, डॉक्टर. खाणीवरचा कोण माणूस गेला, कळलं का?"

डॉक्टर थबकले. "नाव नाही विचारलं."

"इथे कुणीच नाही विचारलं," मानाय म्हणाली.

ती भिंतीजवळ गेली. तिथे दोन वर्षांपूर्वीच्या लाहाराचा आलेख चौकटीत लावला होता. त्या वेळी भोंगा फार उशिरा वाजला होता, आठ घरं वाहून गेली होती. तीच नदी, तेच यंत्र, तोच प्रोग्रॅम. पण तिथली रेघ चढत चढत माथ्याशी आली होती आणि अचानक विहिरीत पडावी तशी सरळ तळाला गेली होती. शून्यावर.

"त्या वेळचं काय?" मानायनं विचारलं.

"तेव्हा यंत्राची निगा राखणाऱ्या माणसानं डोळा पुसलेला नव्हता," डॉक्टर म्हणाले. आवाज संथच होता, पण कागद गुंडाळणारे हात थांबले होते. "अंबो. त्याला काढून टाकलं. माझ्याच अहवालावरून."

"मारिफे," मानाय म्हणाली, "तुमच्याकडे यंत्र जास्तीचं आहे?"

"आहे. कोठीत."

"काढ. आणि बादलीभर चिखल कर."

५

आवारात यंत्र स्टुलावर मांडलं. मारिफेनं आपला संगणक उंबऱ्यावर आणला आणि त्यावर जुनं पॅकेज चढवलं. पडद्यावर पातळी दिसत होती, हात पुढे केला की बदलत होती. मानायनं कपड्यांची काळजी नसलेल्या बाईसारख्या बाह्या सारून चिखलाचा गोळा उचलला आणि यंत्राच्या डोळ्यावर थापला.

पडद्यावर आलं: शून्य.

"शून्य म्हणजे काय?" मानायनं विचारलं.

"म्हणजे... नदी कोरडी आहे." मारिफे यंत्रावर वाकली. "पण यंत्र तर आंधळं झालंय! ते कोरडी म्हणतच नाहीये. दुभाषा खोटं सांगतोय."

"आता नवं घाल."

नवं घातलं. पुन्हा चिखल. पडद्यावर या वेळी आकडा आलाच नाही. एकच शब्द आला: अज्ञात.

मारिफे पायरीवर बसली. सगळं एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोर उभं राहत होतं. भोंग्याला आयुष्यभर आकडेच मिळाले होते. 'अज्ञात' ऐकल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून तो गोठला. नकाशा गोठला, फोन गोठले. आणि सामसनचं ऐकून जुनं परत बसवलं असतं तर? मापकावर चिखल उडाला की शून्य. भोंगा म्हणाला असता, नदी कोरडी आहे, झोपा.

"मानाय," ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी अंबोनं डोळा पुसला होता. डोळा मळलेला असता तर रेघ माथ्यापर्यंत चढलीच नसती. त्याची काही चूक नव्हती."

"तो माणूस आता कुठे असतो?"

"माहीत नाही. नोकरी गेल्यावर तो दिसलाच नाही."

मानायनं फाटकाकडे बोट केलं. "त्या बायकांना विचार, काल कोण गेलं. तेवढं तरी आपण विचारायला हवं."

मारिफे फाटकाशी गेली. बायकांनी वाट दिली. मधोमध एक बारीक अंगाची बाई ओट्यावर बसली होती, मांडीवर पुरुषाची टोपी होती. मारिफेनं तो चेहरा ओळखला. केंद्राच्या नाताळच्या जेवणाला हीच बाई नारळाच्या दुधातली अळूची भाजी, लाइंग, करून आणायची.

तिला नाव विचारावं लागलंच नाही.

ती परत आली. "अंबोच," ती म्हणाली. "तो खाणीवर ट्रक चालवत होता."

वर इरायो ढगात पुरता बुडाला होता.

६

मानायनं चौघांना भिंतीवरच्या आलेखाखाली बसवलं. पहिला गडगडाट झाला. तो आभाळाचा की नदीचा, हे कळायला सगळ्यांनी श्वास रोखला. आभाळाचा होता.

"थोडक्यात सांगते, वेळ नाही," ती म्हणाली. "पॅकेज बदललं ते चौघांतल्या एकानं. दादोनं बदललं असतं तर स्वतःच्याच भोंग्याचा गळा आवळला असता, आणि तोही प्रोग्रॅमसमोर बसून. इंजिनिअरनी नकाशासाठी बदललं असतं तर नकाशा तरी नव्यासाठी तयार असता, तो तर काळा पडला. मारिफेला बदलायचं होतं, पण चारही प्रोग्रॅम तपासून. तिनं तपासलेला एकही नव्हता. मग तयार कोण होतं? नवा दुभाषा 'अज्ञात' म्हणाला तेव्हा तिघे गोठले. चौथ्यानं शांतपणे ठिपके काढले. हे ठिपके काढायला त्याला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं. जुन्या पॅकेजवर त्या ठिपक्यांना काही कामच नव्हतं, कारण जुनं कधी 'अज्ञात' म्हणतच नाही."

कुणी डॉक्टरांकडे पाहिलं नाही.

"उन्हाळ्यात कळलं मला," एस्कान्दोर म्हणाले. "जुना आलेख पुन्हा बघत होतो. नदी एका श्वासात शून्यावर येत नाही. मग शोधलं. चूक पॅकेजात होती. अंबो निर्दोष होता आणि त्याच्याविरुद्ध मी लिहिलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "उघड सांगितलं असतं तर तो अहवाल खोटा ठरला असता. म्हटलं, गुपचूप दुरुस्त करू. पुढे तरी कुणाचं नुकसान नको. माझा प्रोग्रॅम तयार केला आणि बदललं. बाकीच्या तिघांचा विचारच डोक्यात आला नाही. मला वाटलं, मी चूक निस्तरतोय."

"डॉक," मारिफे म्हणाली. तिला सांगायचं नव्हतं, पण दुसरं कोण सांगणार? "काल वाहून गेला तो अंबो."

डॉक्टरांनी टेबलाची कड धरली. इतकी वर्षं डोंगराकडे बघणारा माणूस, पण त्या क्षणी तो जमिनीकडे बघत होता.

बाहेर पाऊस कोसळायला लागला.

"रडायचं नंतर!" मानायनं टेबलावर थाप मारली. "जुनं ठेवलं तर भोंगा खोटं ऐकतो. नवं ठेवलं तर मरून पडतो. बोला, काय करायचं?"

"नवंच ठेवायचं," मारिफे म्हणाली आणि खुर्चीत बसली. "भोंग्याला शिकवायचं. अज्ञात म्हणजे धोका."

"नुसतं अज्ञात म्हणजे धोका धरलंस तर यंत्रावर पक्षी बसला तरी वाजेल," डॉक्टर म्हणाले. सवयीनंच. मग ते उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. "मी दाखवतो. आधी पातळी चढती होती का, ते..."

"वाजू दे की पक्ष्यानं!" दादो ओरडला. "दहा वेळा उगाच पळालेला माणूस दहाही वेळा जिवंत असतो!"

डॉक्टर मागे सरले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तसंच लिही, मारिफे."

तिनं लिहायला घेतलं. दोनदा अक्षर चुकलं. दादो हातानं वाजवायच्या कळीवर मूठ ठेवून उभा होता. चिखलाचं यंत्र जोडून एकदा तपासलं, पुन्हा तपासलं. मग नदीची पातळी खरोखरच चढू लागली. चढली. आणि मग पडद्यावर तो शब्द आला.

अज्ञात.

एक क्षण काहीच झालं नाही.

मग खाली, नदीच्या वळणावर, भोंगा ओरडायला लागला. लांब, कर्कश, अंगाचं पाणी करणारा. दादोनं छातीवर क्रूस काढला. पात्र सकाळीच रिकामं केलेलं असलं तरी ट्रक काढायला काही जण पुन्हा उतरलेच होते. ती माणसं भोंग्यासरशी काठ चढताना सामसनना दुर्बिणीतून दिसली, आणि त्यांनी ती मोठ्यानं मोजली, एकेक.

७

अंबो संध्याकाळी सापडला. पलीकडच्या काठाला, वाहून आलेल्या नारळाच्या बुंध्यांत अडकलेला. बरगड्या मोडलेल्या, एक पाय निकामी, पण जिवंत.

दुसऱ्या दिवशी मारिफे दवाखान्यात गेली. डॉक्टर एस्कान्दोर तिच्याबरोबर होते. त्यांनी राजीनामा दिला होता आणि मानाय चायोंगनं तो घ्यायला साफ नकार दिला होता. "आधी जिथे बोलायचं तिथे बोला," ती म्हणाली होती, "मग जिथे जायचं तिथे जा."

अंबो उशांना टेकून बसला होता. चेहऱ्यावरची राख अजून पुरती निघाली नव्हती. त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं, मारिफेकडे पाहिलं.

"परवा भोंगा का नाही वाजला?" त्यानं तिला विचारलं.

मारिफेनं डॉक्टरांकडे पाहिलं. ते उत्तर तिचं नव्हतं.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "माझ्यामुळे," ते म्हणाले. सगळं सांगितलं त्यांनी, कुठेही आवाज न चढवता, काहीही न गाळता. शेवटी म्हणाले, "त्या वर्षी यंत्र स्वच्छ होतं, अंबो. तू पुसलं होतंस."



"मला माहीत होतं," अंबो म्हणाला. "पुसणारा मीच होतो, डॉक. मला कशाला सांगता?"



"ती बाहेर आहे," अंबोनं हनुवटीनं दाराकडे खूण केली. त्याची बायको हातात पेजेचा डबा घेऊन तिथे उभी होती, आत यावं की नाही अशी. "दोन वर्षं झाली. कधी चांगल्या तोंडानं, कधी भांडून, ती एकच विचारत आलीय. खरंच पुसलं होतंस ना म्हणून." त्यानं डोळे मिटले. "तिला सांगा."

डॉक्टर एस्कान्दोर उठले. सदऱ्याची बाही चुरगळली होती, ती त्यांनी सरळ केली नाही. दाराशी जाऊन ते त्या बाईसमोर उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.